मधाचं गोत्र

काकूंनी बरणी आडवी केली, मग उलटी केली, मग भिंतीवर ठेवून बोटानं टिचकी मारली. आतला ऐवज जागचा हलला नाही. माघातल्या तुपासारखा पांढुरका, घट्ट आणि कडेला जरासा दाणेदार.

"साखर हाय ग सगळी. पोराला फसवलंय तिकडच्यांनी."

पोर म्हणजे त्यांचा नातू. तो पोलंडात व्रोत्स्वाफला शिकतो. काकू त्या गावाचं नाव घेण्याच्या भानगडीत पडत नाहीत, 'तिकडं' म्हणून मोकळ्या होतात. सुट्टीला येताना त्यानं आजीसाठी मधाची बरणी आणली. आजीला बारा वर्षं शुगर आहे, एवढं मात्र त्याच्या ध्यानात राहिलं नाही. म्हणून बरणी आमच्या भिंतीवर आली. भिंत कसली, कमरेएवढं कुंपण. त्यांच्या अंगाला जास्वंद, माझ्या अंगाला कढीपत्ता आणि वर चहाचे दोन कप मावतील एवढी सपाट जागा. सकाळी साडेनऊला, त्यांची पूजा आणि माझी डब्यांची धावपळ उरकली की तिथं आमची गाठ पडते.

"काकू, फसवलं नाही कुणी. हा मोहरीच्या जातीच्या एका पिवळ्या फुलाचा मध. मे महिन्यात तिकडे शेतंच्या शेतं पिवळी होतात, त्याचा. हा काही आठवड्यांत थिजतो, त्याचा स्वभावच तसा. त्यातली ग्लुकोजची साखर जास्त, ती लवकर दाणे धरते."

"आमचा महाबळेश्वरचा असा होत न्हाई."

"तिकडे उलट आहे. क्राकूफला आम्ही चार वर्षं होतो ना, तिथल्या बाजारातल्या बाईकडे मी पहिल्याच जानेवारीत पातळ मध मागितला. ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मी पाणी घातलेलं दूध मागितलंय! ऐन थंडीत मध वाहता असेल तर तो तापवलेला असणार, असा तिथला हिशेब. कोमट पाण्यात ठेवा बरणी, सुटेल."

काकूंचं समाधान झालं नाही. आत जाऊन त्यांनी काडेपेटी आणली, काडीचं टोक मधात बुडवलं आणि ओढली. काडी पेटली. ही परीक्षा कुठल्याही प्रयोगशाळेत टिकायची नाही, पण काकूंच्या दरबारी मध निर्दोष सुटला.

"बरं. आणि हे नाव काय लिहिलंय?"

लेबलावर एम, आय, डोक्यावर तिरकी काडी असलेला ओ आणि डी. "लिहितात मिओद, म्हणतात म्यूत. म्हणजे मध."

"म्यूत?" काकूंनी तोंड वाकडं केलं. "देवापुढं ठेवायच्या वस्तूला हे काय नाव झालं?"

"नाव तुमचंच आहे काकू. मधु. तिकडे जाऊन तसं झालंय."

इथं मला सांगायला हवं की काकूंचा खरा व्यासंग नाती काढण्याचा. गल्लीत नवा भाडेकरू आला की पहिल्या चहाला त्याचं गाव कळतं, दुसऱ्याला आईचं माहेर आणि तिसऱ्या चहापर्यंत तो काकूंच्या चुलत नणंदेच्या दिराचा साडू निघालेला असतो. त्यामुळे मधु आणि म्यूत हे एका घरातले, असं म्हटल्याबरोबर त्या कढीपत्त्याच्या बाजूला सरकल्या.

"सख्खं का चुलत?"

"चुलत. पण आजा एकच. स्लाव्ह लोकांच्या जुन्या बोलीत 'मेद' असं काहीसं होतं, आपल्याकडे मधु. दोघांच्या वरच्या पिढीत 'मेधु'सारखा एक शब्द."

"नुसतं सारखं ऐकू येतंय म्हणून नातं लावू नये ग. आमच्या बाजूच्या पाटलांचं आन् त्या वरच्या पाटलांचं काय हाय? आडनाव सोडलं तर काय न्हाई."

अगदी बरोबर बोलल्या. भाषेतली नाती काढणारे पंडित जे पहिल्या वर्गात शिकवतात, तेच काकू भिंतीवर कोपर टेकून सांगत होत्या. मी म्हटलं, "म्हणून एका शब्दावर भरवसा ठेवायचा नाही, चार शब्द रांगेत उभे करायचे. आपला मधु, त्यांचा म्यूत. आपला धूम म्हणजे धूर, त्यांचा दिम. आपली विधवा, त्यांची व्दोवा. जिथं जिथं संस्कृतात ध, तिथं तिथं त्यांच्याकडे द. एकदा होईल तो योगायोग, दर वेळी झालं तर खोड म्हणायची. घराण्याची खोड."

"म्हंजे आपल्याकडं ध चा मा केला, तिकडं ध चा द."

"आनंदीबाईंनी एकदाच केला. त्यांनी सगळीकडे केला."

काकू खूश झाल्या. मग मी जरा वाहवत गेले. भाऊ तो त्यांचा ब्रात, मांस ते म्येंसो, अग्नी तो ओग्येन. दिवस म्हणजे जेन, आपला दिन.

"जेन?" काकू एकदम थांबल्या. "जेन दोब्री?"

आता तोंड वासायची पाळी माझी. "तुम्हाला कुठून माहीत?"

"आमचे मामंजी म्हणायचे. सकाळी अंगणात आले की शेजारच्यांस्नी हात वर करून 'जेन दोब्री'. आम्हाला वाटायचं, कायतरी विंग्रजी. वळिवड्याच्या छावणीत भाजी घालायचे ते, लग्नाच्या आधी."

हे मला आठ वर्षांच्या शेजारात कधी कळलं नव्हतं! कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला 1943 ते 1948 या काळात पोलिश निर्वासितांची छावणी होती. साधारण पाच हजार माणसं, त्यात बायका आणि मुलंच जास्त. रशियानं 1940 आणि 1941 मध्ये पूर्व पोलंडातून उचलून सैबेरियाकडे नेलेली ही माणसं, तिथून सुटून इराणमार्गे आपल्याकडे आली. शाळा, चर्च, नाटक, सगळं त्यांनी पंचगंगेच्या खोऱ्यात उभं केलं. आपल्या महावीर उद्यानात त्यांचा स्मृतिस्तंभ आहे, आणि तिकडे वॉर्सातही वळिवड्याच्या नावाचं स्मारक आहे. हे सगळं मी वाचलं होतं. पण रोज सकाळी भिंतीपलीकडे दिसणाऱ्या घरातला एक म्हातारा पोलिश भाषेत 'शुभ दिवस' म्हणत अंगणात येत होता, हे वाचून कुठं कळणार?

"दोब्री म्हणजे चांगला. जेन म्हणजे दिन. मामंजी रोज 'दिन चांगला' म्हणत होते."

"मग नीट मराठीत म्हणाय काय झालं होतं!" काकू म्हणाल्या, पण डोळ्यांत जरा पाणी आलं होतं. ते लपवायला त्यांनी जास्वंदीची एक कळी उगाच खुडली.

"त्या माणसांबरोबर एक अस्वल पण होतं, माहितेय?"

"कुठं, वळिवड्यात?"

"इकडे नाही. इराणमध्ये 1942 साली पोलिश सैनिकांनी एक अनाथ पिल्लू पाळलं. व्होइतेक नाव. त्यांच्या तोफखान्याच्या रसद तुकडीबरोबर ते इटलीपर्यंत गेलं. मोंते कासिनोच्या लढाईत दारूगोळ्याच्या पेट्या उचलल्या म्हणतात. पुढे एडिनबरोच्या प्राणिसंग्रहालयात राहिलं, 1963 साली गेलं. त्याला बिअर आवडायची, सिगारेट आवडायची आणि मध तर आवडायचाच. अस्वलच ते. त्यांच्या भाषेत अस्वलाचं नावच मुळी 'मध खाणारा'."

"काय नाव?"

"न्येज्व्येच."

काकूंनी तो शब्द म्हणून बघायचा प्रयत्न केला आणि कवळी सांभाळत सोडून दिला.

खरं तर या शब्दावर मी तास घेऊ शकते. मूळ रूप 'मेद' अधिक 'एद', म्हणजे मध आणि खाणे. आपल्या संस्कृतात अद् म्हणजे खाणे, म्हणून 'मध्वद'. ऋग्वेदात हा शब्द आहे, पण तिथं तो पक्ष्यांना लावलाय. रशियन लोक अजून म्येद्व्येद म्हणतात, त्यात मध स्वच्छ दिसतो. पोलिश लोकांनी सुरुवातीच्या म चा न केला, त्यामुळे पोलिश पोराला विचाराल तर आपल्या अस्वलाच्या पोटात मध आहे हे त्याला सांगावं लागतं.

"आन् अस्वलाला आधी काय नाव नव्हतं व्हय?"

"होतं ना. संस्कृतात ऋक्ष, ग्रीकांचं आर्क्तोस, रोमनांचं उर्सुस, हे सगळे एकाच घरातले. स्लाव्ह लोकांकडे मात्र ते नाव बुडालं. जंगलात राहणारी माणसं, नाव घेतलं की तो येतो अशी भीती. मग म्हणायचं, तो आपला मध खाणारा."

काकूंचं माहेर आजऱ्याकडचं, कोकणच्या धारेवरचं. त्यांना हे समजावून सांगावं लागलं नाही. "आमच्यात रात्रीचं सापाचं नाव घेत न्हाईत. लांबडं म्हणायचं. न्हाईतर जनावर. माझी आत्या कोकणात दिलेली, तिच्याकडं साप चावला असं म्हणतच न्हाईत, पान लागलं म्हणतात."

"तेच ते. आणि आपण बांगडी फुटली म्हणत नाही, वाढवली म्हणतो."

"कुंकू पण वाढवतात. देवी आल्या म्हणतात." काकू बोटं मोजायला लागल्या. त्यांचा हात सातव्या शब्दाला पोचला तेव्हा मी त्यांना परत अस्वलावर आणलं, कारण मधाचं मूळ दुखणं तेच होतं. पोलंडच्या जंगलात पूर्वी मधमाश्यांच्या पेट्या नव्हत्या. जिवंत पाइनच्या झाडाला उंचावर ढोली कोरायची, तिला म्हणायचं बार्च, आणि दोर लावून वर चढणारा मधाळ्या तो बार्तनिक. झाडावरची ही मधमाशीपालनाची रीत पोलंड आणि बेलारूसनं मिळून 2020 साली युनेस्कोच्या वारसा यादीत नोंदवलीय. आता ढोली उंचावर असली तरी अस्वल चढणारच. मग ढोलीच्या तोंडासमोर एक जड ओंडका दोरीनं टांगायचा. अस्वल तो पंजानं बाजूला सारतं, ओंडका झोका घेऊन परत येतो आणि डोक्यात बसतो. अस्वल चिडून आणखी जोरात ढकलतं, ओंडका आणखी जोरात परत येतो.

काकू मनापासून हसल्या. "आमच्या थोरल्या दिराचा कोर्टातला दावा असाच चाललाय. एकोणीस वर्षं."

ते प्रकरण मला तोंडपाठ आहे, म्हणून मी चटकन माश्यांवर गेले. पोलिश भाषेत जनावर मेलं तर त्याला एक क्रियापद आणि माणूस गेला तर दुसरं. जनावर 'झ्दिखा', माणूस 'उम्येरा'. या दुसऱ्यात आपलं मरणंच बसलंय. जुनी खेड्यातली माणसं मधमाशीला मात्र माणसाचं क्रियापद लावतात. गाय झ्दिखा, कुत्रा झ्दिखा, माशी उम्येरा.

"मग," काकू म्हणाल्या, "माशीच्या जिवावर मजा कराय पाहिजे तर तेवढं तरी म्हणायला नको?"

तेवढ्यात कामाला जाणाऱ्या शेजारच्या सूनबाई स्कूटर काढत होत्या. "काय चाललंय एवढं?" म्हणाल्या. "मधाचे पाव्हणे मोजतोय," काकूंनी सांगितलं. सूनबाई हेल्मेट चढवून निघून गेल्या. कोल्हापूरच्या बायका 'मी जातो, मी येतो' म्हणतात, तशा काकू बरणी उचलत म्हणाल्या, "थांब, मी पाणी कोमट करून आणतो."

आल्या त्या पातेलं घेऊनच. बरणी पातेल्यात, पातेलं भिंतीवर आणि आम्ही दोन बाजूंना, जणू बाळाला न्हाऊ घालतोय.

"मग बाकीचे पाव्हणे कोण कोण?"

मी सांगत गेले. लिथुआनियाचा मेदुस सख्ख्यासारखाच. इंग्रजांच्यात 'हनी' या कुळातला नाही, पण 'मीड' आहे, म्हणजे मधाची दारू. जर्मनांचा मेत, तोही दारूच. फारसीतली मय, गझलेत भेटते ती, तीही याच घरची, फक्त द्राक्षाच्या सासरी गेलेली. हंगेरीचं मेझ आणि फिनलंडचं मेसी मात्र रक्ताचे नाहीत. त्या भाषांचं कूळच निराळं. हजारो वर्षांपूर्वी शेजाऱ्यांकडून मध घेतला, त्याबरोबर नावही घेतलं.

"दत्तक."

"दत्तक. चिनी लोक मधाला 'मी' म्हणतात, तोही मध्य आशियातल्या एका मेलेल्या भाषेकडून दत्तक गेलेला, असं मानतात. आणि फ्रेंचांचं मिएल, लॅटिनचं मेल हे दिसायला अगदी तसे, पण कूळ वेगळं. तो ल आपल्या घरातला नाही."

"वरचे पाटील."

"हं, वरचे पाटील."

"आन् मद्य? ते तरी आपलंच की. मध, मद्य."

"तेही वरचे पाटील. मद्य आलंय मद् धातूपासून, मद चढणे त्यातला. शेजारी राहून राहून दोघं सारखे दिसायला लागले. मोह मात्र आपला. झाडाचं संस्कृत नाव मधूक, त्याचा झाला मोह."

"मोहाची म्हंजे आलीच की दारू!" काकू विजयी मुद्रेनं म्हणाल्या. "फिरून फिरून गंगावेशीत. जिकडं बघावं तिकडं मधाची दारूच केलीय सगळ्यांनी. पोराच्या हातची ही बरणी तसली न्हाई ना?"

काकूंची शंका रास्त होती, कारण पोलिश भाषेत मध आणि मधाची दारू दोन्हींना एकच शब्द. वेगळी दाखवायची तर पुढे 'पितनी' लावतात, पिण्याचा मध. पिणे हा शब्दही आपल्याच घरचा, त्यामुळे 'म्यूत पितनी' हे अख्खं नाव मराठी माणसाला नुसतं ऐकूनही निम्मं कळायला हवं. तिकडच्या लोककथा संपतात तेव्हा सांगणारा म्हणतो की मीपण त्या लग्नाला होतो, मध आणि वाइन प्यायलो. आपण साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी संपवून गप्प बसतो, ते पिऊन दाखवतात.

पण मला खरी मजा वाटते ती या दारूच्या जातींच्या नावांची. "काकू, दिडकी येते अजून?"

"येत न्हाई म्हणजे? एक दीड दीड, दोन दीड तीन, तीन दीड साडेचार..." काकू सुटल्या. पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडिचकी, औटकी, हे सगळं त्यांच्या पिढीनं छडीच्या धाकानं पाठ केलंय.

"त्यांच्याकडे सगळ्यात भारी मधाच्या दारूचं नाव 'पूउतोराक'. म्हणजे दीडवाला. एक माप मध घ्यायचा आणि पाणी अर्धंच माप, की झालं दीड माप. दोनवाल्यात मध एक, पाणी एक. तीनवाल्यात पाणी दोन. चारवाल्यात तीन. पाणी जितकं कमी तितकी मुरायला जास्त वर्षं. दीडवाला निदान तीन वर्षं ठेवतात. या चारही जातींना युरोपीय संघानं 2008 साली पारंपरिक वस्तू म्हणून मान्यता दिलीय."

"दीडला त्यांच्यात पण येकच शब्द हाय?"

"तेच तर! इंग्रजीला 'वन अँड अ हाफ' म्हणावं लागतं. पोलिशमध्ये 'पूउतोरा'. आणि तो फोडला तर निघतं काय? 'अर्धा दुसरा'. म्हणजे पहिला पूर्ण आणि दुसऱ्याचा अर्धा. आता आपला दीड. तो द्व्यर्धपासून आलाय, त्यातही दोन आणि अर्धा. अडीच तो अर्धतृतीय, अर्धा तिसरा. औट म्हणजे साडेतीन, अर्धा चौथा. मोजायची तऱ्हा तीच."

काकू हिशेब करत राहिल्या. मग म्हणाल्या, "तिकडच्या मास्तरानं पण छडी मारली असणार."

नातं शब्दांत असतं हे सगळेच सांगतात. मला विचाराल तर ते असल्या कोपऱ्यांत जास्त पक्कं असतं. दोन घरांत आडनाव सारखं निघेल, चेहरा सारखा निघेल, पण दोन्हीकडे पुरणाला जायफळच घालतात आणि वेलची नाही, असं निघालं की मला खात्री पटते. अर्थात अर्ध्या आकड्यांची ही तऱ्हा जर्मन वगैरे दुसऱ्या भाषांतही आहे, म्हणून मी छाती ठोकून काही म्हणत नाही. पण दिडकी पाठ असलेल्या बाईला दीडवाल्या दारूचं नाव सांगताना आलेलं सुख मी कशाला लपवू?

"ग्रीक लोकांच्यात हाच मधु 'मेथी' होऊन वाइनला लागला," मी म्हटलं. "त्यावरून 'अ-मेथिस्तोस', म्हणजे नशा न चढलेला. जांभळा खडा असतो ना, अ‍ॅमेथिस्ट? तो जवळ असला की दारू चढत नाही अशी त्यांची समजूत."

काकूंनी इकडे तिकडे बघितलं आणि आवाज उतरवला. "त्या समोरच्या बिल्डिंगीतल्या, दुसऱ्या मजल्यावरच्या... न्हाई का, शनीसाठी जांभळा खडा घातलाय बोटात. काय उपेग हाय? शनवारी रात्री जिना मोजत वर जातोय."

"ग्रीकांना कळवायला हवं."

"ज्योतिषाला कळव आधी. चार हजार घेतलेत त्यानं."

बरणीच्या कडेनं मध सुटायला लागला होता. काकूंनी चमचा घातला, बोटाला लावला आणि माझ्याकडे बघत थांबल्या. "एक थेंब चालतो का ग? शुगर असली तरी?"

मी डॉक्टर नाही, म्हणून शब्दांवरच बोलले. "काकू, गंमत बघा. या रोगाला आपण मधुमेह म्हणतो, म्हणजे आपण त्यात मध घातला. पोलिश लोक त्याला 'चुकशिचा' म्हणतात, दोन्ही च चमच्यातले. त्यांनी त्यात साखर घातली. त्यांची साखर म्हणजे चुक्येर, तो जर्मनांकडून, त्यांच्याकडे इटालियनांकडून, त्यांच्याकडे अरबांकडून, आणि अरबांकडे इराणातून आपली शर्करा. तुम्ही 'शुगर आहे' म्हणता तीही तीच, इंग्रजांच्या हातून परत आलेली."

"म्हंजे दुखणं सगळ्यांनी आपल्याच डब्यातनं नेलंय."

"ह्याला काय अर्थ आहे," असंही त्या पुढे म्हणाल्या. "मध कुठला, दारू कुठली, अस्वल कुठलं. सगळा बादरायण संबंध."

हा शब्द काढला आणि माझं फावलं. बोरीच्या झाडाची ती गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. पाहुणा जेवून जातो, यजमान विचारतो आपलं नातं काय, तर म्हणे तुमच्या दारात बोरीचं झाड आणि माझ्या गाडीचं चाक बोरीच्या लाकडाचं. पोलिश लोक अशा वेळी विचारतात, पिअरनिकचा पवनचक्कीशी काय संबंध? पिअरनिक म्हणजे मध आणि मसाले घातलेला केक, तोरुन्य गावचा फार नावाजलेला. त्याचं नाव पडलंय मिरीवरून, आणि तिकडच्या मिरीच्या नावाचं मूळ आपली पिंपळी. थोडक्यात, आपल्या बादरायण संबंधातही चाक आणि त्यांच्यातही चाक. चलाख पोलिश पोरं उलट उत्तर देतात की संबंध आहे, चक्कीत पीठ दळतात आणि पिठाचा पिअरनिक होतो.

"हुशार हाईत," काकू म्हणाल्या. त्यांनी मधाचा थेंब जिभेवर ठेवला होता आणि मी जास्वंदीकडे बघत होते. "चव चांगली हाय. आमच्या मधल्या जावेला पाठवायला पायजे. मधली असून जन्मात कधी गोड बोलली न्हाई."

"मधली आणि मध यांचा संबंध नाहीच मुळी. मधली ती मध्यवरून."

"वरचे पाटील?"

"वरचे पाटील. आणि हीच जोडी पोलिशमध्येही आहे. म्यूत म्हणजे मध, आणि दुसरा शब्द 'म्येजा', त्यातला ज जहाजातला. तो आला मध्यपासून. इथंही ध चा द झाला आणि पुढं त्याचा तो ज. म्हणजे इकडे जसे मध आणि मधला उगाच एकमेकांसारखे दिसतात, तसेच ते तिकडेही. म्येजा म्हणजे काय, सांगा बरं?"

"सांग की तूच."

"बांध. दोन शेतांच्या मधली न नांगरलेली पट्टी."

काकूंनी नकळत आमच्या भिंतीवर हात ठेवला. थोरल्या दिरांचा एकोणीस वर्षांचा दावा सव्वा हात बांधाचाच आहे.

"म्येजापलीकडचा शेजारी, असं ते म्हणतात. अगदी लागून राहणारा तो. आणि शेजाऱ्याला शब्द आहे 'सोंश्यात'. बाई असली तर सोंश्यात्का."

"त्याचं गोत्र?"

"सों म्हणजे आपलं सम्, बरोबर. श्यात म्हणजे सद्, बसणे. बरोबर बसणारा. संस्कृतात हेच दोन तुकडे जोडले की होतं संसद."

काकूंनी पदरानं चमचा पुसला, बरणीचं झाकण लावलं, पातेल्यातलं पाणी माझ्या कढीपत्त्याला ओतलं. आतून कुकरची तिसरी शिट्टी झाली.

"असं हाय व्हय," त्या म्हणाल्या. "मग आता तहकूब. डाळ करपायची."